साखरेच्या जागी गूळ: घरगुती बेकिंगमधील गोडीचा विचार

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे गाव बालाघाटाच्या पठारी, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. रब्बी ज्वारी आणि दुभती जनावरे यांच्या आधारावर हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या तगून राहिला आहे. दूध आटवून खवा करण्याच्या भट्ट्या हा भूम परिसराचा ओळखीचा जोडधंदा असून, याच तालुक्यातील कुंथलगिरी या जैन सिद्धक्षेत्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. जिल्ह्यात जिथे पाण्याची सोय झाली तिथे ऊस आला, उसामागे ढोकीच्या तेरणेसारखे साखर कारखाने आले, आणि त्यांच्या बरोबरीने गुऱ्हाळेही कमीअधिक प्रमाणात टिकून राहिली. त्यामुळे घरी केक किंवा बिस्किटे करू पाहणाऱ्या कुटुंबाला पीठ, दूध आणि गोडी हे तिन्ही मुख्य घटक या भागात हाताशी आहेत; अडचण एवढीच की, ज्या कृती सर्वत्र फिरतात त्या मैदा, लोणी आणि पांढरी साखर गृहीत धरून लिहिलेल्या असतात. या घटकांपैकी साखर बदलणे सर्वांत सोपे समजले जाते आणि प्रत्यक्षात तेच सर्वांत अवघड ठरते, कारण केकमध्ये साखर गोडीखेरीज आणखी चार-पाच कामे करत असते. साखरेच्या जागी गूळ, काकवी, खांडसरी किंवा मध घ्यावा की नाही, याचा निर्णय आरोग्याच्या आशेवर सोपवण्यापेक्षा चवीवर आणि त्या पदार्थाच्या गुणधर्मांच्या ज्ञानावर सोपवणे अधिक शहाणपणाचे आहे.

उसाच्या रसापासून गोड पदार्थ करण्याच्या पायऱ्या भारतात फार प्राचीन काळापासून ठाऊक होत्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात साठवायच्या वस्तूंची जी वर्गवारी आढळते, तीत फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा हे पाच पदार्थ एका गटात आणि याच क्रमाने येतात. फाणित म्हणजे आटवून दाट केलेला रस, म्हणजे आजच्या काकवीच्या जवळचा पदार्थ. गुड म्हणजे घट्ट झालेला गूळ. मत्स्यण्डिकेत खडे धरू लागलेले असतात. आणि खण्ड व शर्करा या पायऱ्यांवर स्फटिक भोवतालच्या मळीपासून वेगळे होत जातात. कमी प्रक्रिया आणि अधिक प्रक्रिया यांत मधे एकच भिंत नसून ती एक उतरंड आहे, हे या क्रमातून स्पष्ट होते, आणि बेकिंगसाठी घटक निवडताना हेच ध्यानात ठेवणे उपयोगाचे असते: आपण उतरंडीच्या कोणत्या पायरीवर हात घालत आहोत, म्हणजेच स्फटिकाबरोबर पाणी, आम्ले, क्षार आणि रंगद्रव्ये किती प्रमाणात घेत आहोत, हा खरा प्रश्न आहे.

गुऱ्हाळातील प्रक्रिया या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चरकातून निघालेला रस गाळून मोठ्या, उथळ काहिलीत घेतात आणि वाळलेली चिपाडे जाळून पेटवलेल्या चुलवाणावर तो तापवतात. रस तापू लागला की त्यातील प्रथिने, मेण आणि मातीचे कण गोळा होऊन वर येतात. ते लवकर सुटावेत म्हणून भेंडीच्या खोडांचा चिकट चीक रसात सोडण्याची जुनी पद्धत आहे, कारण हा चीक तरंगत्या कणांना धरून त्यांची मळी बनवतो आणि ती झाऱ्याने काढून टाकता येते. रसाची आम्लता कमी व्हावी आणि गुळाला कठीणपणा यावा म्हणून चुन्याची निवळी बेताने घालतात. रस उकळत राहतो तसे त्याचे तापमान वाढत जाते. साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला उतरवला तर काकवी मिळते, आणि ११८ अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत आटवला तर गुळाचा पाक तयार होतो. हा क्षण ओळखणारा कारागीर म्हणजे गुळव्या. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी कशी बनते हे पाहून तो काहील उतरवण्याचा इशारा देतो, आणि त्याच्या या अंदाजावर संपूर्ण आधणाचे भवितव्य ठरते. उतरवलेला पाक ढवळून थंड करताना त्यात सुक्रोजचे, म्हणजे उसातील मुख्य साखरेचे, अतिशय बारीक स्फटिक तयार होतात आणि उरलेला सगळा दाट रस त्या स्फटिकांच्या मधे अडकून राहतो. येथे स्फटिकांपासून काहीच वेगळे काढून टाकले जात नाही, आणि गूळ व साखर यांच्यातील मूलभूत फरक तो हाच.

साखर कारखान्यात याच्या उलट घडते. रसावर चुना आणि गंधकाचा धूर यांची प्रक्रिया करून तो निवळतात, निर्वात भांड्यांत कमी तापमानाला आटवतात, मोठे स्फटिक वाढू देतात आणि मग वेगाने फिरणाऱ्या जाळीदार यंत्रातून उरलेला दाट रस, म्हणजे मळी, बाहेर फेकून केवळ स्फटिक मागे ठेवतात. परिणामी साखरेत ९९.५ टक्क्यांहून अधिक सुक्रोज असते आणि पाणी जवळपास नसते. गुळात मात्र सुक्रोजचे प्रमाण सामान्यतः ६५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान, पाणी ३ ते १० टक्के, आणि ‘अपवृत्त शर्करा’ १० ते १५ टक्के असते. अपवृत्त शर्करा म्हणजे उष्णता आणि आम्ल यांच्यामुळे सुक्रोजचा रेणू तुटून तयार झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण. ऊस तोडून बरेच दिवस पडून राहिला असेल तर हे प्रमाण रसातच वाढलेले असते आणि असा गूळ नीट घट्ट होत नाही, चिकट राहतो. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनी घट्ट गुळात किमान ६० टक्के सुक्रोज असावे आणि ओलावा १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा अशी मर्यादा घातली आहे. ही मर्यादा सैल आहे, म्हणजे बाजारातील दोन ढेपांमध्ये खूपच अंतर असू शकते. साखरेच्या दोन पोत्यांत असे अंतर नसते, आणि म्हणूनच साखरेची कृती दरवेळी तशीच उतरते व गुळाची उतरत नाही.

गुळाकडे वळणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू आरोग्याचा असतो, म्हणून त्याचा हिशेब आधीच मांडून टाकलेला बरा. गुळात लोह, कॅल्शियम, पोटॅशियम असे क्षार असतात हे खरे. परंतु १०० ग्रॅम गुळात लोह साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम असते. १५० ग्रॅम गूळ घातलेल्या केकचे १० तुकडे केले तर एका तुकड्यातून अर्धा-पाऊण मिलिग्रॅम लोह मिळते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. ही गरज केकमधून भागवायची ठरवली तर साखरेचाच अतिरेक होईल. ऊर्जेच्या बाबतीत गूळ साखरेपेक्षा किंचित कमी आहे, तेही मुख्यतः त्यातील पाण्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ‘मुक्त शर्करा’ रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस केली. स्वयंपाकात वरून घातलेली प्रत्येक शर्करा त्यात धरली जाते, मध आणि गूळ यांनाही त्यात सूट नाही. मधुमेह असलेल्या व्यक्तीला ‘गुळाचा आहे’ असे सांगून केक वाढणे हे म्हणून धोक्याचे आहे, आणि ग्रामीण भागात हा समज इतका खोल रुजलेला आहे की, तो स्पष्ट शब्दांत खोडणे आवश्यक ठरते. गुळाचे खरे मोल त्याच्या चवीत आहे. त्यात साखरेचा गोडवा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर किंचित खारटपणा, हलकी आंबटसर छटा आणि काहिलीत भाजल्या गेलेल्या रसाचा सुवास येतो, आणि ज्वारी, बाजरी, गहू, तीळ, शेंगदाणे यांच्या चवीशी गूळ असा जुळतो की पांढरी साखर या बाबतीत त्याच्या जवळपासही येत नाही.

बेकिंगमध्ये गुळाचा पहिला परिणाम दिसतो तो केकच्या फुगण्यावर. लोणी आणि साखर एकत्र फेटण्याच्या पद्धतीत साखरेच्या कोरड्या, टोकदार स्फटिकांमुळे लोण्यात हवेचे असंख्य बारीक कोश अडकतात आणि भट्टीत तेच कोश फुगून केकला हलकेपणा देतात. भारतीय साखरेचा दाणा मुळात मोठा असल्यामुळे येथील घरांत त्यासाठी पिठीसाखर वापरली जाते. गुळाचे स्फटिक अतिसूक्ष्म आणि ओलसर रसात बुडालेले असल्याने लोण्यात ते हवा फारशी धरून ठेवू शकत नाहीत. कितीही वेळ फेटले तरी मिश्रण जडच राहते. यावर उपाय म्हणजे फेटण्यावर अवलंबून असलेली कृतीच सोडून देणे. गूळ पाण्यात विरघळवून, तेल किंवा पातळ तूप घेऊन, दही आणि सोडा यांच्या संयोगातून निघणाऱ्या वायूवर केक फुगवण्याची पद्धत गुळाला मानवते. अंडे चालत असेल तर अंडे वेगळे फेटून त्यात हवा भरून घेता येते.

दुसरा परिणाम पाण्याचा. २०० ग्रॅम गुळातून ६ ते २० ग्रॅम पाणी नकळत मिश्रणात येते, म्हणून साखरेच्या कृतीत तेवढ्याच वजनाचा गूळ घेतला तर दूध किंवा पाणी साधारण एक मोठा चमचा कमी करणे योग्य ठरते. याखेरीज अपवृत्त शर्करा हवेतील ओलावा ओढून घेते. त्यामुळे गुळाचा केक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे, पण तोच गुण बिस्किटांच्या आड येतो. सुट्टीत किंवा दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून गावातील बेकरीत न्यायची आणि तिथल्या भट्टीत नानकटाई भाजून आणायची, ही महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांची रीत आहे. त्याच प्रमाणात पिठीसाखरेऐवजी गूळ दिला तर नानकटाई पसरते, तिच्या माथ्यावरच्या भेगा कमी होतात, रंग गडद येतो आणि चार दिवसांत ती खुसखुशीतपणा गमावते. अशा वेळी निम्मी पिठीसाखर आणि निम्मी कोरडी, चाळलेली गूळपावडर घेणे हा मध्यममार्ग सुज्ञपणाचा आहे. संपूर्ण गुळाचा आग्रह धरून नानकटाईचे नानकटाईपण घालवण्यात काही मिळवण्यासारखे नाही.

तिसरा परिणाम रंगाचा आहे. सुक्रोज सुमारे १६० अंशांना जळून तांबूस होऊ लागते, तर फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच. शिवाय ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची दूध व पीठ यांतील प्रथिनांशी होणारी क्रिया, जिला शास्त्रात मेलार्ड अभिक्रिया म्हणतात आणि जिच्यामुळे भाकरीला, खरपूस दुधाला आणि भाजलेल्या शेंगदाण्याला रंग व वास येतो, ती गुळामुळे वेगाने घडते. खवा घातला तर हा वेग आणखी वाढतो. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधातून एक किलोच्या आसपास खवा निघतो, म्हणजे दुधातील लॅक्टोज ही शर्करा आणि केसीन हे प्रथिन दोन्ही त्यात एकवटलेले असतात. गूळ आणि खवा एकत्र असलेला केक नेहमीच्या १८० अंशांवर ठेवला तर वरून काळपट आणि आतून ओला राहण्याचा संभव असतो, म्हणून तो १६० ते १६५ अंशांवर अधिक वेळ भाजावा लागतो. ज्या घरांत ओव्हन नाही आणि जाड बुडाच्या कुकरमध्ये मीठ किंवा वाळू तापवून केक केला जातो, तिथे तापमान मोजता येत नसल्याने भांडे वाळूपासून उंच स्टँडवर ठेवणे आणि आच मंद राखणे याला पर्याय नाही.

गूळ आणि दूध यांचे न जमणे हा यातील सर्वांत नाजूक भाग आहे, आणि खव्याच्या मुलखात तो टाळता येत नाही. गूळ सौम्य आम्लधर्मी असतो आणि त्यात खनिज क्षारही असतात. गरम दुधात केसीनचे कण एकमेकांपासून जेमतेम अंतर राखून असतात. आम्लता वाढली आणि क्षारांची भर पडली की ते एकत्र येऊन गोळा होतात, म्हणजे दूध फाटते. लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात नेल्या जाणाऱ्या जेवणात गव्हाची खीर असते. ती पाण्यात आणि गुळात शिजवतात आणि दूध वाढताना वरून घालतात. या रीतीत दूध फाटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि पिढ्यांच्या अनुभवाने घडलेले हे स्वयंपाकशास्त्र बेकिंगमध्ये जसेच्या तसे उपयोगी पडते. गुळाचा पाक आधी पाण्यात करून, गाळून, पूर्ण थंड करावा आणि मगच त्यात दूध मिसळावे. किंवा दुधाऐवजी दहीच घ्यावे, कारण दह्यातील केसीन आधीच गोठलेले असल्याने फाटण्याची भीती उरत नाही आणि दह्याची आम्लता सोड्याला कामी येते. खव्याच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. गरम खव्यात गूळ मळला की त्याला पाणी सुटते आणि तो रवाळ, चिवट होतो; म्हणून खवा थंड असताना किसून कोरड्या पिठाला चोळून घ्यावा, म्हणजे प्रत्येक कणाभोवती पिठाचे आवरण येते, आणि गुळाचे पाणी त्यानंतर ओतावे.

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणजे गव्हाच्या कणकेला लवचीकपणा देणारी प्रथिनांची जाळी त्यात तयार होत नाही. साखर या जाळीला ढिले करते म्हणून मैद्याच्या केकमध्ये ती मऊपणा आणते. ज्वारीत ढिले करण्याजोगे काहीच नसल्याने गूळ जास्त झाला तर केक बसतो आणि कापताना चुरा होतो. म्हणून निम्मी कणीक आणि निम्मे ज्वारीचे पीठ हे प्रमाण सुरुवातीला सोयीचे आहे. १०० ग्रॅम ज्वारीचे ताजे पीठ, १०० ग्रॅम कणीक, ७५ ग्रॅम खवा, १५० ग्रॅम गूळ, ६० ग्रॅम तेल किंवा तूप, १५० ग्रॅम फार आंबट नसलेले दही, गूळ विरघळवण्यासाठी सुमारे १०० मिलिलिटर पाणी, एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, असे प्रमाण वर सांगितलेल्या तत्त्वांना धरून आहे. पिठाच्या जातीनुसार आणि गुळाच्या ओलाव्यानुसार पाणी थोडे कमीजास्त करावे लागते. मीठ घालण्याची गरज सहसा पडत नाही, कारण गुळात ते अंगचेच असते. वेलदोडा किंवा जायफळ व्हॅनिलापेक्षा येथे अधिक शोभते. सोडा मात्र बेताने घालावा. तो आम्लाच्या प्रमाणाबाहेर गेला तर केकला साबणासारखी चव येते आणि गुळाचा सारा सुवास झाकला जातो.

गुळाने केक करणे ही नवी किंवा परकी कल्पना आहे असे समजण्याचे कारण नाही. कोकणात तवशाचा, म्हणजे मोठ्या पिकल्या काकडीचा, कीस, तांदळाचा किंवा गव्हाचा रवा, गूळ आणि नारळ यांचे मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात घालून, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे ठेवून धोंडस भाजतात; त्यात अंडे नाही, सोडा नाही, मैदा नाही, आणि तरीही सर्वार्थाने तो भाजलेला केकच आहे. गोव्यात नारळाच्या माडाच्या रसापासून केलेला गडद गूळ, ज्याला तेथे माडाचे गोड म्हणतात, दोदोलसारख्या पक्वान्नांचा आत्मा मानला जातो. धोंडसात काकडीचे पाणीच रव्याला फुगवते आणि गुळाचा ओलावा ते मऊ ठेवतो; आधुनिक कृतींनी ज्या अडचणी सोडवायला सोडा आणि मोजमाप आणले, त्या या पदार्थाने घटकांची निवडच अचूक करून सोडवल्या आहेत. बालाघाटाच्या पठारावर तवशाच्या जागी भोपळा किंवा गाजर किसून याच धर्तीचा पदार्थ सहज करता येईल.

गुळाखेरीज इतर पर्यायांत काकवी सर्वांत गुणी आहे. तिच्यात सुमारे एक तृतीयांश पाणी असते, म्हणून २०० ग्रॅम साखरेऐवजी जवळपास ३०० ग्रॅम काकवी घेतली तर कृतीतील द्रव १०० मिलिलिटरच्या आसपास कमी करावे लागते. आल्याच्या किंवा मसाल्याच्या गडद केकला ती अतिशय साजते. खांडसरी ही उघड्या काहिलीत आटवलेल्या रसाचे स्फटिक वेगळे करून मिळते. तिचा दाणा कोरडा असल्याने लोण्याबरोबर ती फेटता येते, मात्र काही ठिकाणी तिच्यावरही गंधकाची प्रक्रिया होते, त्यामुळे केवळ नावावर विसंबून चालत नाही. बाजारात मिळणारी तपकिरी साखर तर पुष्कळदा पांढऱ्याच साखरेवर मळीचा लेप देऊन केलेली असते. तिची चव चांगली असू शकते, परंतु कमी प्रक्रिया म्हणून तिला अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

मध हा विषय निराळा आहे. त्यात पाणी १८ टक्क्यांच्या आसपास आणि फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त असते, म्हणून तो साखरेपेक्षा गोड लागतो आणि २०० ग्रॅम साखरेच्या जागी १५० ग्रॅम पुरतो. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, आणि सह्याद्रीतील मधाला त्याच्या फुलोऱ्यानुसार जे नाना सुवास असतात त्यांची चर्चा त्यानिमित्ताने पुष्कळ झाली. हेच सुवास भट्टीच्या उष्णतेत सर्वप्रथम उडून जातात. चांगला मध पाऊण तास तापवून त्याची साखर करून टाकण्यापेक्षा केक निवल्यावर तो वरून सोडणे हाच त्याचा योग्य उपयोग होय. एक वर्षाखालील बाळाला मध, किंवा मध घातलेले काहीही, देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि घरच्या भट्टीच्या उष्णतेने ते मरत नाहीत.

बालाघाटाचे खास फळ म्हणजे सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याची गोडी पाहता ते केकमध्ये साखरेऐवजी घालण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, त्यामुळे तो भाजण्याच्या मिश्रणात कधीही घालू नये. थंड सायीत मिसळून दोन थरांच्या मधे भरला तर त्याच्याइतके उत्तम सारण नाही. खजूर मात्र उष्णता चांगली सोसतो, आणि गरम पाण्यात भिजवून वाटलेला त्याचा गोळा तंतुमय असल्याने ज्वारीच्या पिठाला बांधून धरण्याचे कामही करतो.

शेवटी प्रश्न येतो तो गूळ विकत घेण्याचा, आणि यात रंगाने झालेले नुकसान मोठे आहे. पिवळाधमक गूळ चांगला, ही समजूत ग्राहकांत आणि आडत्यांत इतकी पक्की झाली की, सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला गुऱ्हाळावर नुसते ‘हायड्रॉस’ म्हणतात, ते रसात टाकून रंग उजळण्याची पद्धत पसरली. हा उजळपणा टिकत नाही. साठवणुकीत गूळ पुन्हा काळवंडतो आणि गंधकाचा अंश मात्र राहून जातो. आता याच्या उलट टोकाची समजूत रूढ होत आहे की, काळा गूळ म्हणजे रसायनमुक्त. तीही खरी नाही, कारण खारवट जमिनीतील ऊस, चुना जास्त होणे, काहील करपणे यांपैकी कशानेही गूळ काळा पडतो. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापूरच्या गुळाची कीर्ती काळ्या जमिनीतील ऊस आणि गुळव्यांचे कसब यांवर उभी आहे. तेथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राने गुळासाठी योग्य वाण आणि पद्धती यांवर दीर्घकाळ काम केले आहे.

बेकिंगसाठी गूळ घेताना म्हणून रंगापेक्षा इतर खुणा पाहाव्यात. ढेप फोडली असता तिचा दाणा दिसावा, हाताला चिकटू नये. जिभेवर खारटपणा पुसटसा असावा, ठळक नसावा. थोडा गूळ काचेच्या पेल्यात विरघळवून ठेवला तर तळाशी गाळ कमीत कमी राहावा. लिंबाचा रस टाकल्यावर फेस आला तर त्यात खडूची भेसळ आहे किंवा सोडा जास्त पडला आहे असे समजावे, आणि असा गूळ केकमधील सोड्याचे गणित बिघडवतो. पावसाळ्यात गूळ पाझरतो, त्याचे पाण्याचे प्रमाण वाढते आणि हिवाळ्यात जमलेली कृती श्रावणात फसते. यासाठी हंगामातच वर्षाचा गूळ घेऊन घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, लहान तुकडे करून ठेवणे उत्तम.

गुऱ्हाळ जवळ असेल तर तेथे जाऊन विचारण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण नेमक्या आहेत: ऊस तोडून किती वेळ झाला, मळी कशाने काढली, हायड्रॉस टाकले का, चुना किती घातला. आणखी एक प्रश्न गुऱ्हाळाला नव्हे तर खाणाऱ्याने स्वतःला विचारायचा आहे. महाराष्ट्रात उसाला एका हंगामात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते आणि धाराशिव जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या घरात आहे. गूळ असो वा साखर, दोन्हींच्या मागे हे पाणी आहे. २०० ग्रॅम पिठाच्या केकला शहरी कृती जिथे २०० ग्रॅम साखर सांगते, तिथे खव्याची अंगभूत गोडी धरून १५० ग्रॅम गूळ पुरतो, आणि जिभेला सवय झाली की १२० ग्रॅमही. मात्र त्याखाली गेले तर केक कोरडा आणि चिवट होऊ लागतो, व तेव्हा कमी केलेल्या गुळाची जागा किसलेल्या भोपळ्याने किंवा वाटलेल्या खजुराने भरून काढावी लागते.